तळ्याकाठच्या केबिनमधले तीन दिवस : वाचकांचे प्रश्न

मेअखेरचा मेमोरियल डे, चार जुलै आणि सप्टेंबरच्या सुरुवातीचा लेबर डे. हे लांब वीकएंड जवळ आले की मिनेसोटातल्या मराठी घरांत एकच बेत शिजू लागतो : तीन-चार कुटुंबांनी मिळून उत्तरेला तळ्याकाठी केबिन घ्यायची. राज्यात दहा एकर किंवा त्याहून मोठी तळी ११,८४२ आहेत, तेव्हा तळ्यांची वानवा नाही. अडतं ते केबिनपाशी. केबिन म्हणजे हॉटेल नव्हे. तिचं पाणी अंगणातल्या बोअरचं, सांडपाणीही अंगणातच जिरणारं, आणि दारापुढच्या तळ्यावर कुणी जीवरक्षक नाही. यंदा आलेले बहुतेक प्रश्न याच तीन गोष्टींभोवती फिरतात, म्हणून तिथे सविस्तर लिहिलं आहे.

प्रश्न : आम्ही चार कुटुंबं, मुलं धरून १४ जण. केबिन तीन बेडरूमची आहे, पण जाहिरातीत '१४ जणांची झोपायची सोय' असं लिहिलंय. आंघोळी, संडास, पाणी यांचं काय होईल? (प्लीमथ)

उत्तर : जाहिरात गाद्या मोजते, सांडपाणी मोजत नाही. मिनेसोटात सेप्टिकची रचना साधारणपणे बेडरूमवरून ठरते : एका बेडरूममागे दिवसाला १५० गॅलन. म्हणजे तुमच्या केबिनची व्यवस्था ४५० गॅलनांची, सुमारे १,७०० लिटरची. शहरातल्या सवयीने माणशी ५० गॅलन वापरले तर १४ जणांचे ७०० गॅलन होतात. एखाद्या दिवशी हे निभावतं. तीन दिवस सलग झालं की टाकीतला मैला खाली बसायला वेळच मिळत नाही आणि गढूळ पाणी तसंच पुढे, सांडपाणी जिरवणाऱ्या पट्ट्यात, म्हणजे ड्रेनफिल्डमध्ये जातं.

पहिली खूण ऐकू येते. तळमजल्यावरच्या शॉवरच्या किंवा संडासाच्या नळीतून गुडगुड आवाज येतो, मग वास. त्या क्षणी सगळे नळ बंद करा आणि मालकाला फोन करा. 'एवढी भांडी उरकून घेऊ' म्हणालात तर पुढचं पाणी उलटं घरात येतं.

टाळायचं असेल तर हे पाळा. कपडे धुण्याचं मशीन तीन दिवस लावू नका. आंघोळी सकाळी एकदम नकोत. निम्म्या रात्री, निम्म्या सकाळी. यामागे दुसरंही कारण आहे. केबिनचा गिझर बहुधा ४० गॅलनांचा असतो. शॉवरमधून मिनिटाला दोन ते अडीच गॅलन पाणी पडतं, त्यामुळे दोघांच्या दहा-दहा मिनिटांच्या आंघोळीनंतर तिसऱ्याला कोमटच मिळतं. बोअरचं थंडगार पाणी पुन्हा तापायला विजेच्या गिझरला दीड-दोन तास लागतात. सोबत एक बादली आणि तांब्या न्या. १५ लिटर म्हणजे चार गॅलन. मोठ्यांची आंघोळ त्यात छान होते. शॉवरला त्याच्या पाचपट लागलं असतं.

तेल आणि तूप हे सेप्टिकचे खरे वैरी. ते टाकीत वर तरंगतं, थर साचतो आणि पाण्याबरोबर वाहून ड्रेनफिल्डची माती बुजवतं. मिसळीची तर्री लागलेलं पातेलं आधी कागदी टॉवेलने पुसा, तो टॉवेल कचऱ्यात टाका, मगच पातेलं धुवा. ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, डायपर यांतलं काहीही संडासात जाता कामा नये. वाइप्सच्या पाकिटावर 'फ्लश करता येतं' असं लिहिलेलं असलं, तरीही नको.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. चार कुटुंबांच्या चार-पाच गाड्या येतात आणि जागा नाही म्हणून हिरवळीवर चढतात. तीच हिरवळ बरेचदा ड्रेनफिल्ड असते. गाडीच्या वजनाने खालची माती दबते, नळ्या चेपतात, आणि दुरुस्ती हजारो डॉलरांत जाते. गाड्या कुठे लावायच्या, हे मालकाला आधी विचारून घ्या.

प्रश्न : मागच्या खेपेला केबिनवरचा चहा काळपट झाला होता आणि पाण्याला लोखंडासारखी चव होती. असं पाणी प्यावं का? आमच्याबरोबर सहा महिन्यांचं बाळ आहे. (वूडबरी)

उत्तर : चहा काळा पडतो तो पाण्यातल्या लोहामुळे. चहातल्या टॅनिनशी लोहाचा संयोग होऊन शाईसारखा रंग येतो. चव बिघडते, अपाय होत नाही. सडक्या अंड्यासारखा वास असला तर तो बहुधा गंधकाचा. पाणी उघडं ठेवलं की कमी होतो.

बाळासाठी काळजीची गोष्ट वेगळीच आहे, आणि तिला ना रंग ना वास : नायट्रेट. लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असलेलं पाणी तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतं. आपल्याकडे पाण्याबद्दल शंका आली की आधी उकळतात. इथे तोच उपाय उलटा पडतो, कारण पाणी आटतं आणि नायट्रेट मात्र तेवढंच राहून आणखी दाट होतं. बोअरची नायट्रेट आणि कोलिफॉर्म (पाण्यात मैला मिसळल्याची खूण असणारे जंतू) या दोन्हींची ताजी तपासणी झाली आहे का, ते मालकाला विचारा. ठाम उत्तर मिळालं नाही तर बाळाच्या दुधासाठी आणि पेजेसाठी बाटलीबंद पाणी न्या. बाकीच्यांसाठीही पिण्यापुरतं माणशी रोज तीन-चार लिटर धरा. १४ जणांना तीन दिवसांसाठी पाच गॅलनांचे आठ जार पुरतात.

प्रश्न : केबिनच्या स्वयंपाकघरात आपला स्वयंपाक कसा जमवायचा? गेल्या वर्षी फोडणी टाकली की अलार्म वाजायचा, आणि दोनदा वीज गेली. (एडन प्रेरी)

उत्तर : आधी शेगडी कोणती ते विचारा. उत्तर चारांपैकी एक असेल : विजेची वेटोळ्यांची, काचेची, इंडक्शनची किंवा प्रोपेनची. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. काचेवर गोल बुडाची कढई नुसती डुगडुगते आणि मध्यभागीच करपते. वेटोळ्याची शेगडी बंद केल्यावरही काही मिनिटं लाल राहते, त्यामुळे कुकर एक शिटी आधीच बंद करायचा आणि फोडणीत मोहरी तडतडली की कढई उचलून बाजूला घ्यायची. हिंग, हळद, लसूण बाजूलाच घाला. उतरत्या आचेवर ते नीट होतं. शेगडीवर ठेवून घातलं की लसूण जळतो आणि धूर होतो.

धुराचा दोष निम्मा पंख्याचा असतो. अनेक केबिनांत शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकत नाही, जाळीतून फिरवून परत घरातच सोडतो. फोडणीआधी समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा. मिरचीची मोठी फोडणी असेल तर ग्रिलच्या बाजूला जो छोटा बर्नर असतो त्यावर, बाहेर करा. अलार्मची बॅटरी काढून ठेवू नका. लाकडी घर, १४ माणसं आणि माळ्यावर झोपलेली मुलं, अशा ठिकाणी तो अलार्म हवाच.

वीज गेली नव्हती, ब्रेकर पडला होता. १५ अँपिअरच्या एका सर्किटवर १२० व्होल्टला १,८०० वॅट मिळतात. विजेचा प्रेशर कुकर सुमारे १,०००, चहाची किटली १,५००; दोन्ही एकाच भिंतीवर लावली की २,५०० होतात. किटली दुसऱ्या सर्किटवर लावा आणि पडलेला ब्रेकर पूर्ण 'बंद'कडे नेऊन मगच वर करा. तो मधेच अडकलेला असतो. नुसता वर ढकलला तर बसत नाही. ब्रेकरची पेटी कुठे आहे हे पोचल्याबरोबर बघून ठेवा, अंधारात शोधायची वेळ येऊ देऊ नका.

आता प्रमाणं. दहा मोठे आणि चार मुलं धरून एका सकाळच्या मिसळीला ७०० ग्रॅम कोरडी मटकी, ८०० ग्रॅम फरसाण, ४० पाव, सहा मोठे कांदे आणि आठ लिंबं लागतात. मटकी घरीच मोड आणून न्या. कांदा-खोबऱ्याचं वाटण झिपच्या पिशवीत चपटं भरून गोठवा. वाटेत कूलरमध्ये ते बर्फाचंही काम करतं. दुसऱ्या सकाळी पोहे : जाड पोहे सव्वा किलो. इडलीचं पीठ नेणार असाल तर डबा निम्माच भरा आणि थंड करूनच निघा. गाडीत ते ऊब धरून फुगतं आणि झाकण उडतं. कूलर आदल्या रात्री रिकामा असतानाच बर्फ घालून गार करून घ्या. जिन्नसांच्या दुप्पट वजनाचा बर्फ लागतो, आणि चुऱ्यापेक्षा लादी दुप्पट टिकते. मांस-मासे तळाशी, बंद डब्यात. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांवर ठेवू नये, आणि पारा ३२ अंशांवर गेला असेल तर एकच तास.

पोळ्यांचा अट्टहास मात्र सोडा. ४० पोळ्यांना दीड किलो कणीक आणि दीड-दोन तास लागतात, आणि तेवढा वेळ कुणीतरी आपलं तळं सोडून ओट्यापाशी उभं राहतं. ते 'कुणीतरी' बहुतेक वेळा कोण असतं, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पोळ्या घरून करून न्या किंवा गोठवलेल्या विकत घ्या. निघण्याआधी जेवणांची यादी करून प्रत्येक जेवण एका कुटुंबाकडे द्या. रांधण्यापासून भांड्यांपर्यंत सगळं त्यांचं, आणि बाकीच्यांनी त्या वेळी आत पाऊल टाकायचं नाही.

हळदीचा डाग ओट्यावर पडला तर बेकिंग सोड्याचा दाट लेप २० मिनिटं ठेवून पुसा. चादरीवर पडला तर धुवून उन्हात वाळवा, उन्हाने तो फिकट होतो.

प्रश्न : ग्रिल पेटतं पण तापत नाही. सिलिंडर नवा होता. (रॉचेस्टर)

उत्तर : सिलिंडरचा नळ झटक्यात उघडला असणार. तसं झालं की रेग्युलेटरला गॅस कुठूनतरी गळतोय असं वाटतं आणि तो प्रवाह रोखून धरतो. ज्योत लागते, पण बारीक. ग्रिलची सगळी बटणं बंद करा, सिलिंडर बंद करा, नळी काढा, मिनिटभर थांबा, परत जोडा. मग ग्रिलची बटणं बंदच ठेवून सिलिंडर अगदी सावकाश उघडा, आणि त्यानंतर झाकण उघडं ठेवून बर्नर पेटवा. बंद झाकणाखाली गॅस साचतो आणि ठिणगीसरशी भडका उडतो, म्हणून झाकण आधी उघडायचं, दरवेळी. जोडावर साबणाचं पाणी लावून पाहा. बुडबुडे आले तर गळती आहे.

सिलिंडरमध्ये किती उरलंय ते बघायला बाजूने गरम पाणी ओता आणि हात फिरवा. जिथपासून पत्रा गार लागतो तिथपर्यंत गॅस आहे. नेहमीचा २० पौंडी सिलिंडर मध्यम ग्रिलला पूर्ण आचेवर साधारण १४ तास पुरतो.

भरिताची वांगी टोचून, तेलाचा हात लावून २०-२५ मिनिटं फिरवत भाजा. न टोचलेलं वांगं फुटतं. सोललेली कणसं दहा-बारा मिनिटांत होतात. चिकनच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश सेल्सिअस भरायला हवेत. तंदुरी मसाल्याच्या रंगावरून काहीच कळत नाही, थर्मामीटर न्या. कोळशाची शेगडी पाऊस आला म्हणून जाळीच्या पोर्चमध्ये किंवा घरात कधीही आणू नका, विझत आलेली असली तरी. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो आणि तो कळत नाही.

प्रश्न : आम्ही पॉन्टून बोट (पोकळ नळकांड्यांवर तरंगणारी, सपाट डेकची) घेणार आहोत. आमच्या दोन्ही मुलांना, वय ८ आणि ११, पोहता येतं; वायएमसीएच्या तलावात चार वर्षं शिकली आहेत. तरी लाइफ जॅकेट लागेल का? आणि बोट चालवायला परवाना लागतो का? (मेपल ग्रोव्ह)

उत्तर : कायद्याचं आधी. बोट चालू असताना दहा वर्षांखालच्या मुलाच्या अंगात जॅकेट असलंच पाहिजे, असा मिनेसोटाचा नियम आहे. तेव्हा आठ वर्षांच्या मुलाचा प्रश्नच नाही. बाकी प्रत्येकासाठी, म्हणजे मोठ्यांसाठीही, मापाचं एकेक जॅकेट बोटीत हाताशी असायला हवं. कनू, कयाक आणि उभ्याने वल्हवायची फळी यांनाही हे लागू आहे. १६ फूट किंवा त्याहून लांब बोटीत फेकायची उशी किंवा कडं वेगळं लागतं. परवान्याचा नवा नियम १ जुलै २०२५ पासून आला : सुरुवातीला १ जुलै २००४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी, आणि टप्प्याटप्प्याने २०२८ पर्यंत १ जुलै १९८७ किंवा त्यानंतर जन्मलेल्या सर्वांसाठी. तुमच्यातलं सुकाणू कोण धरणार, त्याची जन्मतारीख बघा. प्रशिक्षण ऑनलाइन होतं, निघण्याआधी उरका. दारू पिऊन बोट चालवणं हा गाडीसारखाच गुन्हा आहे, रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादाही तीच, ०.०८ टक्के.

आता कायद्यापलीकडचं. अकरा वर्षांच्या मुलालाही जॅकेट घालाच. तलावात तळ दिसतो, कड हाताशी असते, पाणी कोमट असतं. तळ्यात यातलं काही नसतं. पायाखालची वाळू चार पावलांत संपून पाणी डोक्यावर जातं, पाणवनस्पती पायाला लागतात आणि मूल घाबरतं. मेमोरियल डेला उत्तरेकडच्या तळ्याचं पाणी दहा ते पंधरा अंशांवर असू शकतं. बर्फ जाऊन महिनाच झालेला असतो. एवढ्या गार पाण्यात अचानक पडलं की पहिला श्वास आपोआप, जोरात, आत ओढला जातो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असलं तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. पहिलं मिनिट श्वास ताब्यात येईपर्यंतचं, पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय चालतात, मग बोटांना दोरी धरवत नाही. जॅकेट त्या पहिल्या मिनिटासाठी असतं, म्हणून ते आधीच अंगात हवं. पाण्यात पडल्यावर घालता येत नाही.

माप वजनावर ठरतं : ३० ते ५० पौंडांचं एक, ५० ते ९० पौंडांचं दुसरं. बंद लावून खांद्याच्या पट्ट्या वर ओढा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. दंडातले हवेचे फुगे आणि रबरी बदक ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल सोडू नका.

पॉन्टूनवर प्रवाशांचा आकडा एका पट्टीवर कोरलेला असतो, माणसं आणि पौंड दोन्ही. मूल हेही एक माणूसच. १२ चा आकडा असेल तर १४ जणांनी दोन फेऱ्या करायच्या. चालू बोटीत फाटकं बंद आणि सगळे कठड्याच्या आत. पुढच्या टोकाला पाय सोडून बसणं फार धोक्याचं आहे : तिथून पडलेला माणूस दोन नळकांड्यांच्या मधून सरळ इंजिनाच्या पंख्याकडे जातो. फोटोसाठी सगळे एकदम पुढे धावले तर नाक खाली जातं आणि पाणी डेकवर येतं. मुलं पाण्यात उतरणार असतील तर इंजिन न्यूट्रलला ठेवून भागत नाही, किल्ली फिरवून बंद करा. इंजिन चालू असताना मागच्या शिडीपाशी धूर साचतो, त्यातही कार्बन मोनॉक्साइड असतो.

डॉकला, म्हणजे काठावरच्या धक्क्याला लागताना शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर, अगदी हळू या. वारा पाठीशी असला तर बोट थांबत नाही. दोन टनांची बोट हाताने किंवा पायाने अडवायला कुणी जाऊ नये. बोटं चेंगरण्याचे प्रकार डॉकवरच होतात.

सगळ्यात महत्त्वाचं किनाऱ्यावर घडतं. १४ जणांच्या घोळक्यात प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या कुणाचं तरी लक्ष आहे. बुडणारं मूल ओरडत नाही, हातही हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला ठेवून उभं असल्यासारखं दिसतं आणि मिनिटभराच्या आत खाली जातं. म्हणून पहारा नावानिशी लावा. एक मोठा माणूस, १५ मिनिटं, फोन नाही, गप्पा नाहीत, ग्लास नाही. त्याच्या डोक्यावर ठरावीक टोपी. ती पुढच्याच्या हातात दिल्याशिवाय त्याने जागा सोडायची नाही. पाच वर्षांखालचं मूल पाण्यात असेल तर त्याचे आई किंवा वडील हाताच्या अंतरावर. एखादं मूल दिसेनासं झालं तर आधी पाणी पाहा, माळा आणि पलंगाखालची जागा नंतर. आणि डॉकवरून सूर कुणीही मारू नये. तिथे पाणी बहुधा तीन-चार फूटच असतं, आणि मान मोडायला तेवढं पुरतं.

प्रश्न : पाण्यातून आल्यावर मुलांच्या अंगावर खाजरे पुरळ उठले. पाणी घाण होतं का? (सेंट क्लाउड)

उत्तर : घाण असेलच असं नाही. बदकं आणि गोगलगाई यांच्यात वाढणाऱ्या एका परजीवीची पिल्लं चुकून माणसाच्या कातडीत शिरतात आणि तिथेच मरतात, त्याचे ते पुरळ. आठवड्याभरात जातात. पाण्याबाहेर येताच टॉवेलने खसखसून पुसा. अंगावरचं पाणी वाळेपर्यंत ती आत शिरतात. काठावर बदकांना पाव घालू नका, त्याने ती तिथेच मुक्काम ठोकतात. मात्र पाण्यावर वाटाण्याच्या सूपासारखा किंवा सांडलेल्या रंगासारखा हिरवा थर दिसला तर माणसांनीही उतरू नये आणि कुत्र्याला तर जवळही नेऊ नये. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या विषाने कुत्री काही तासांत दगावतात.

प्रश्न : जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून येत आहेत, दोघंही सत्तरीचे. त्यांना केबिनवर न्यावं का? गोचिडींबद्दल फार ऐकलं आहे. (ब्लूमिंग्टन)

उत्तर : जरूर न्या, पण खोली तळमजल्यावरची, संडासाजवळची द्या. माळ्याची शिडी त्यांच्यासाठी नाही. तरंगता डॉक पायाखाली हलतो, तेव्हा हात धरायला कुणीतरी हवं. उत्तरेकडे जूनच्या रात्रीही पारा दहा अंशांपर्यंत उतरतो. स्वेटर, पायमोजे आणि उशाशी टॉर्च ठेवा, कारण तिथला अंधार पुण्यातल्या माणसाला ओळखीचा नसतो. गोळ्या, प्रवास-विम्याचं कार्ड आणि जवळच्या रुग्णालयाचा पत्ता कागदावर लिहून फ्रिजवर लावा. फोनला रेंज असेलच असं नाही.

गोचिडी उंच गवतात आणि रानाच्या कडेला असतात. लाइम आजार पसरवणाऱ्या हरीण-गोचिडीची पिल्लं मे ते जुलैत सर्वाधिक असतात आणि ती खसखशीच्या दाण्याएवढी असतात. फिकट रंगाच्या पँटचे पाय मोज्यांत खोचा. कातडीवर २० ते ३० टक्के डीट (किडे दूर ठेवणारं औषध), कपड्यांवर अर्धा टक्का परमेथ्रिन (कीटकनाशक). परमेथ्रिन अंगाला लावायचं नसतं, कपडे पूर्ण वाळवूनच घालायचे. सनस्क्रीन आधी, डीट नंतर. संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कानामागे, केसांच्या कडेला आणि नाडीच्या जागी नीट बघा. साडी किंवा सलवार नेसणाऱ्यांनी कमरेची रेघ विसरू नये.

चिकटलेली सापडली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, एकाच दाबाने ओढा. पिळू नका. तूप, रॉकेल, जळती काडी यांतलं काहीही नको, त्याने ती जखमेत आणखी लाळ सोडते. लाइमचे जंतू अंगात जायला साधारणपणे २४ तासांहून जास्त चिकटून राहावं लागतं, म्हणून रोजची तपासणीच बरंचसं काम करते. तारीख लिहून ठेवा. ३ ते ३० दिवसांत पसरत जाणारा लाल चट्टा, ताप किंवा सांधेदुखी आली तर डॉक्टरांना गोचिडीचं सांगा. तोवर आई-बाबा पुण्याला परतले असतील तर तिथल्या डॉक्टरांना हे मुद्दाम सांगायला हवं. महाराष्ट्रात तापाच्या रुग्णाला डेंग्यू, मलेरिया विचारतात. लाइम कुणाच्या ध्यानात येणार नाही.

प्रश्न : घरामागे तोडलेल्या ॲशच्या झाडाची लाकडं पडली आहेत. शेकोटीला नेली तर चालतील ना? (ईगन)

उत्तर : नाही. २००२ साली मिशिगनमध्ये सापडलेला ॲश पोखरणारा हिरवा किडा सालीखाली अळीच्या रूपात राहतो आणि सरपणातूनच एका जिल्ह्यातून दुसऱ्यात पोचतो. मिनेसोटात तो २००९ मध्ये सेंट पॉलला आढळला. लाकूड केबिनजवळच विकत घ्या. शेकोटी तीन फूट रुंद, तीन फूट उंच इतकीच, भोवती पाच फूट जागा साफ. एवढ्याला परवाना लागत नाही, पण कोरड्या दिवसांत बंदी असते का ते तपासा. निजताना पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, आणि राखेवर हात धरून ऊब लागत नाही हे बघा. चार जुलैला विस्कॉन्सिनच्या दुकानांतून आणलेली आकाशात उडणारी आतषबाजी मिनेसोटात बेकायदेशीर आहे. फुलबाज्या आणि जमिनीवरचे भुईनळे चालतात. फुलबाजीचं टोक हजार अंशांच्या आसपास तापतं, तेव्हा पाण्याची बादली शेजारी हवी.

प्रश्न : मासेमारीला प्रत्येकाला परवाना लागतो का? उरलेली गांडुळं तिथेच झाडाखाली सोडावीत ना? (मँकेटो)

उत्तर : १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागतो. भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी २४ तासांचे, ७२ तासांचे आणि सात दिवसांचे परवाने मिळतात.

गांडुळं मात्र सोडू नका. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे, आणि आपल्या शेतात ते खरंही आहे. पण मिनेसोटाची राने हिमयुगानंतर गांडुळांशिवाय वाढली. इथलं प्रत्येक गांडूळ बाहेरून आलेलं, आणि ते जमिनीवरचा पानांचा जाड थर खाऊन टाकतं. त्याच थरावर रानातली कोवळी रोपं आणि फुलं जगतात. उरलेलं आमिष कचऱ्यात टाका. शिशाची वजनं नकोत. तळ्यावर रात्री ज्याची हाक ऐकू येते तो लून पक्षी खडे गिळताना तीही गिळतो आणि शिशाच्या विषाने मरतो. कथलाची किंवा पोलादाची वजनं त्याच दुकानात असतात. स्वतःची बोट असेल तर तळं सोडण्यापूर्वी तळाचं बूच काढून सगळं पाणी निथळवा आणि बूच काढलेलंच ठेवून रस्त्याला लागा. तो कायदा आहे, आणि झेब्रा शिंपले दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून आहे.

प्रश्न : खर्चाच्या वाटणीवरून दर वर्षी कुरबुर होते. न्याय्य पद्धत कोणती? (वुडबरीतल्याच आणखी एक वाचक)

उत्तर : भाडं जागेवर, जेवण माणसावर. समजा कर आणि सफाईसकट भाडं २,४०० डॉलर. तीन कुटुंबांना बेडरूम, चौथं माळ्यावर. बेडरूमला दहा वाटे, माळ्याला सहा, एकूण ३६. बेडरूमवाल्यांचे सुमारे ६६७, माळ्यावाल्यांचे ४००. खाण्यात पाच वर्षांखालचं मूल फुकट, बारापर्यंत अर्धं. दारू आणि मांस खाणाऱ्यांचा हिशोब वेगळा. शाकाहारी मित्राकडून बकऱ्याचे पैसे घेणं बरं दिसत नाही. मालकाकडची रद्द करण्याची शेवटची तारीख हीच तुमच्यातलीही शेवटची तारीख ठरवा. त्यानंतर गळणाऱ्याने वाटा द्यायचा किंवा बदली कुटुंब आणायचं. हे पैसे भरण्याआधी, गटात लिहून ठरवा.

प्रश्न : जुलैच्या वादळात वीज गेली आणि नळाचं पाणीही गेलं. असं का? (डुलुथ)

उत्तर : बोअरचा पंप विजेवर चालतो. दाबाच्या टाकीत उरलेले थोडे गॅलन संपले की नळ कोरडा. वादळाचा इशारा दिसला की टब आणि सगळी पातेली भरून ठेवा. संडासात पाच-सहा लिटरची बादली एका दमात ओतली की साफ होतं. त्याला तळ्याचं पाणी चालतं. मात्र काही केबिनांत सांडपाणीही पंपाने वर चढवावं लागतं. तसं असेल तर वीज येईपर्यंत खाली काहीच सोडता येत नाही, तेव्हा हे मालकाला आधीच विचारा. फ्रिज न उघडता चार तास टिकतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, निम्मा असेल तर २४. जनरेटर असला तर घरापासून किमान २० फूट, खिडक्यांकडे धूर जाणार नाही असा. विजेचा कडकडाट ऐकू आला की सगळ्यांना पाण्याबाहेर काढा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कुणालाही डॉकवर जाऊ देऊ नका.